मिरजेचा तंबोरा आणि आपली रेल्वे

मिरज म्हटले की रेल्वेच्या माणसाला जंक्शन आठवते आणि गाणाऱ्याला तंबोरा. आमच्या घरात दोन्ही आहेत. मी रेल्वेत, पत्नी सतार वाजवते आणि कन्या व्हायोलिन शिकते. काही वर्षांपूर्वी ख्वाजा मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसातील संगीतसभा ऐकायला आम्ही बेंगळुरूहून राणी चेन्नम्मा एक्स्प्रेसने सहकुटुंब मिरजेला गेलो. त्यानिमित्ताने जो इतिहास समजला, तो आपल्यासमोर ठेवतो.

मिरजेत तंतुवाद्ये बनवण्याची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे. फरीदसाहेब हे मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. शस्त्रांची मागणी घटली तेव्हा हे कसबी हात सतार-तंबोऱ्याकडे वळले आणि पुढच्या पिढ्यांचे आडनावच सतारमेकर झाले. भोपळा मंगळवेढ्याकडचा, लाकूड कर्नाटकच्या जंगलातले. मात्र तंबोरा बोलतो तो जवारीमुळे. घोडीचा माथा कानसेने घासत घासत, कानाने पारखत, तार झंकारेपर्यंत कारागीर थांबत नाही. हे काम मोजपट्टीने होत नाही, हे मी इंजिनिअर म्हणून पाहिले आणि थक्क झालो.

दर्ग्यातली सभा चिंचेच्या झाडाखाली होते. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ इथे गाऊन सेवा करीत. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना त्यांना गाडीत अस्वस्थ वाटू लागले. ते सिंगपेरुमाल कोईल या लहानशा स्टेशनवर उतरले. फलाटावरच तंबोरा लावून घेऊन त्यांनी प्रार्थना गायली आणि देह ठेवला, असे सांगतात. त्यांना मिरजेला आणून याच दर्ग्याच्या आवारात दफन केले.

त्यांचे शिष्य सवाई गंधर्व हुबळीजवळच्या कुंदगोळचे. गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला शिकायला जात. पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात महोत्सव सुरू केला. पुणे, मिरज, हुबळी, कुंदगोळ ही सगळी स्टेशने आपल्या गावाकडे जाणाऱ्या वाटेवरची आहेत. मराठी-कानडी वाद कितीही होवोत, या रुळांवरून सूर दोन्हीकडे गेले.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अभिमानाची गोष्ट आहे. पण मानांकनाने जवारी निघत नाही. त्यासाठी शिकणारी मुले हवीत, आणि मुले टिकायची तर गिऱ्हाईक हवे. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आपल्या बेंगळुरूनेच घरोघर पोचवला. तो सोयीचा आहे, रियाझाला उपयोगी आहे, त्याला नावे ठेवायचे कारण नाही. पण व्हाइटफील्डच्या आपल्या मुलांनी खऱ्या तंबोऱ्याचा झंकार एकदा तरी जवळून ऐकावा.

म्हणून मंडळाला नम्र सूचना : भजनसंध्येसाठी मिरजेहून एक तंबोरा मागवावा आणि वर्षातून एकदा त्याची जवारी काढायला तिथल्या कारागिराला सन्मानाने बोलवावे. वर्गणीत माझा वाटा मी आधीच धरला आहे.

गणपती बाप्पा मोरया!