शीटमध्ये नसलेला कॉलम

फ्लोरिडातल्या मावसभावाने परवा एक एक्सेल शीट पाठवली. चाळीस फुटांच्या आसपासच्या तीन सेकंडहँड मोटर यॉट्स. कॉलम किंमत, हॉर्सपॉवर, टॉप स्पीड, केबिन, सागवानी डेक. खाली एक ओळ : "तू इंजिनिअर ना, सांग कुठली घेऊ."

आता माझा सागरी अनुभव म्हणजे भाऊचा धक्का ते रेवस लाँच. पण त्याची वीस वर्षांची बचत यात जाणार, म्हणून शनिवारभर वाचत बसलो.

आधी थोडं फिजिक्स (घाबरू नका). होडी पुढे जाताना लाट उठवते. वेग वाढतो तशी लाट लांब होते आणि होडीएवढी झाली, की होडी स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकते. हिशोब सोपा आहे : पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, वर्गमूळ काढा, १.३४ने गुणा. ३६ फुटांना साधारण ८ नॉट! त्यापुढे जायचं तर इंजिनाने होडी उचलून पाण्यावरून सरकवायला हवी. सपाट तळ पटकन सरकतो, पण खवळलेल्या समुद्रात दाणदाण आपटतो.

१९५८ साली न्यूपोर्टला रिचर्ड बर्ट्रमने रे हंटची २३ फुटी होडी अशाच लाटांतून सुसाट जाताना पाहिली. तिचा तळ पार मागपर्यंत खोल 'व्ही' आकाराचा. बर्ट्रमने त्याच तळाची मोठी होडी बांधली, 'मॉपी'. १९६०च्या मायामी-नसाऊ शर्यतीत उंच लाटांमधून ती ८ तासांत पोचली. दुसरी, हीसुद्धा हंटच्याच तळाची, दोन तासांनी. बाकीच्या दुसऱ्या दिवशी! किंमत एकच : हा तळ सपाट तळापेक्षा जास्त हॉर्सपॉवर, म्हणजे जास्त इंधन मागतो.

त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनातल्या हाय पॉइंट या फर्निचरच्या गावात, समुद्रापासून लांब, विलिस स्लेनने ४१ फुटी हॅटेरस उतरवली, फायबरग्लासची. फळ्यांमधल्या फटी बुजवणं नाही, तळ कुजणं नाही. एकदा साचा झाला की त्यातून कितीही काढा.

तिकडे हाँगकाँगला रॉबर्ट न्यूटनच्या अमेरिकन मरीनने १९६३ साली केनेथ स्मिथच्या आराखड्यावरून ३६ फुटी 'स्प्रे' बांधली. मच्छीमार बोटीचा तोंडवळा, वेग बेताचा, डिझेल थोडं, पल्ला लांब. ८ नॉटची मर्यादा तिने भांडण न करता मान्य केली. यातूनच ग्रँड बँक्स यॉट्स आल्या; १९७३पर्यंत लाकडी, मग फायबरग्लासच्या.

म्हणजे बघा, तीन माणसं, तीन वेगळे प्रश्न. खवळलेल्या पाण्यात वेग कसा टिकवायचा? देखभाल कशी कमी करायची? थोड्या डिझेलमध्ये लांब कसं जायचं? आणि आपण तिघांना एका टॉप स्पीडच्या कॉलममध्ये बसवतो. आपला प्रश्न कोणता, हा कॉलम शीटमध्ये नव्हताच.

फोन लावला. "जाणार कुठे?"

"बिमिनीला. पन्नासेक मैल."

"८ नॉटने पाच-सहा तास डुलत. जोरात गेलास तर दोन-अडीच, पण डिझेल ओतत. वहिनीला बोट लागते ना?"

पलीकडे शांतता. "तिला अजून विचारलंच नाहीये रे."

म्हटलं, मग दादा, पैसे भरायच्या आधी दोन्ही प्रकारच्या एकेक दिवस भाड्याने घे, वहिनीला घेऊन जा. शीट त्यानंतर भरू.

असो. रविवारी त्याचा मेसेज आला : शीटमध्ये एक कॉलम वाढवलाय. तो वहिनी भरणार आहे.