कौल, त्रिशंकू आणि घोडेबाजार

निवडणुकीत कोणत्याही एका पक्षाला बहुमत मिळाले नाही, की मराठी वृत्तपत्रांत तीन शब्द हमखास अवतरतात. जनतेचा 'कौल' अस्पष्ट असतो, विधानसभा 'त्रिशंकू' होते आणि लवकरच 'घोडेबाजार' सुरू होतो. हे शब्द इतके सरावाचे झाले आहेत की ते काही सांगतात, याचेच आपल्याला विस्मरण झाले आहे. आम्हांला येथे या तीन शब्दांच्या आधाराने एक ऐतिहासिक प्रश्न विचारावयाचा आहे : खंडित निकालानंतर मतदार रागावतो, हसतो किंवा हताश होतो, तेव्हा त्याची प्रतिक्रिया नेमकी कशावर असते? बहुमत नसण्यावर, की त्यानंतर जे घडते त्यावर?

प्रथम एका गैरसमजाचा निरास करावयास हवा. एकपक्षीय बहुमत हा नियम व त्रिशंकू सभागृह हा अपवाद, असे गृहीत धरून आपण बोलतो. महाराष्ट्राचा अनुभव याच्या अगदी उलट आहे. 288 जागांच्या विधानसभेत 145 चा आकडा एकट्याने ओलांडण्याची किमया शेवटची घडली ती 1985 साली, काँग्रेसला 161 जागा मिळाल्या तेव्हा. 1990 मध्ये तोच पक्ष 141 वर अडला. तेव्हापासून 2024 पर्यंतच्या आठही निवडणुकांत एकाही पक्षाला स्वबळावर बहुमत मिळालेले नाही. म्हणजे 1985 नंतर जन्मलेल्या कोणाही मराठी मतदाराने एका पक्षाच्या बहुमताची विधानसभा आपल्या मताने घडवलेली नाही. जे तीन दशकांहून अधिक काळ नित्य घडते आहे, त्याला आपण अजून आपत्तीचे नाव देतो.

हे नाव आले कोठून? इंग्रजीतील 'हंग पार्लमेंट' हा प्रयोग 'हंग ज्युरी'च्या धर्तीवरचा. ज्या पंचमंडळाचे एकमत होत नाही ते लटकलेले. ब्रिटनमध्ये तो सर्वतोमुखी झाला 1974 च्या फेब्रुवारीतील निवडणुकीच्या सुमारास. कोळसा खाणकामगारांच्या संघर्षाच्या काळात पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी 'ब्रिटनवर राज्य कोणाचे?' असा प्रश्न घेऊन मतदारांकडे धाव घेतली. उत्तर आले ते असे : मजूर पक्ष 301, हुजूर पक्ष 297 आणि एकूण जागा 635. मते मात्र हुजूर पक्षाला किंचित अधिक. लिबरल पक्षाला जवळजवळ एक-पंचमांश मते मिळून जागा अवघ्या 14. लटकले ते पंचमंडळ, म्हणजे मतदार, असा या रूपकाचा रोख आहे. निर्णय देणे त्याचे काम होते आणि ते त्याला जमले नाही.

भारतीय भाषांनी हे रूपक उचलताना त्याला पौराणिक वस्त्र नेसवले. वाल्मीकींच्या बालकांडातील त्रिशंकूची कथा सर्वांना ठाऊक आहे. इक्ष्वाकू कुळातील या राजाला सदेह स्वर्गात जायचे होते. वसिष्ठांनी नकार दिला, त्यांच्या पुत्रांनी शाप दिला. विश्वामित्रांनी मात्र यज्ञ करून त्याला वर धाडले. इंद्राने खाली ढकलले. तेव्हा संतापलेले विश्वामित्र प्रतिसृष्टी निर्माण करू लागले आणि अखेर देवांशी त्यांची तडजोड झाली. त्रिशंकू खाली डोके, वर पाय अशा स्थितीत आकाशातच राहिला. ही कथा जरा सावधपणे वाचली तर लक्षात येते, की तीत लटकतो तो राजा. प्रजा आपल्या जागी जमिनीवर असते. लटकण्याचे कारणही प्रजेचा अनिर्णय हे नसून एकाची अनावर आकांक्षा आणि दोन बलिष्ठांचा अहंकार हे आहे. आपण विधानसभेला त्रिशंकू म्हणतो तेव्हा इंग्रजी रूपकातील दोष कथेतील शब्दावर लादतो. कथेची साक्ष काढली तर त्रिशंकू हे विशेषण सभागृहापेक्षा सिंहासनाच्या इच्छुकाला अधिक शोभेल.

दुसरा शब्द 'कौल'. मूळ अरबी; अर्थ बोल, वचन. मराठीत तो दोन वाटांनी रुजला. कोकण-गोव्याच्या देवळांत देवाला कौल लावतात. मूर्तीला लावलेली फुले, कळ्या वा पाकळ्या उजवीकडे पडल्या तर होकार, डावीकडे पडल्या तर नकार. निवडणुकीच्या भाषेत आपल्या मनात हाच कौल असतो. मतदार हे दैवत आणि संपादक हे पुजारी. पाकळी मधेच अडकली की कौल 'अस्पष्ट'.

देशावरचा कौल मात्र वेगळा होता आणि आमच्या मते तो अधिक उपयोगी आहे. दुष्काळाने किंवा फौजांच्या धामधुमीने गाव ओस पडले, की ते पुन्हा वसवण्यासाठी सरकार रयतेला कौल देई. रयतेने परत यावे, जमीन लागवडीस आणावी. सरकारने पहिल्या वर्षी नाममात्र सारा घ्यावा, मग ठरल्याप्रमाणे वर्षागणिक वाढवीत मुदतीअखेर पूर्ण आकारावर यावे. या चढत्या आकारणीला इस्तावा म्हणत. 1630 च्या भीषण दुष्काळाने व लष्करी उद्ध्वस्ततेने उजाड झालेला पुणे परगणा शहाजीराजांच्या जहागिरीत पुन्हा वसला, तो अशाच अभयावर. आजच्या दौंड तालुक्याचा बराचसा भाग ज्या जुन्या भीमथडीत मोडत असे, त्या मुलखाच्या स्मृतीत कौल म्हणजे दैवी संकेत नव्हे. तो दोन बाजूंनी पाळावयाचा शब्द आहे. तो मोडला तर रयत गाव सोडून जाई. तिची प्रतिक्रिया तीच.

या भीमथडीतच, येवत आणि केडगाव या रेल्वे स्थानकांच्या मधे खुटबाव आहे. राज्याच्या सत्ताकारणाची बातमी येथे मुंबईहून येते. तथापि खंडित विधानसभांच्या इतिहासात खुटबाव ज्या मतदारसंघात येते तो दौंड मतदारसंघ नुसता प्रेक्षक राहिलेला नाही. 2009 साली काँग्रेस 82 व राष्ट्रवादी 62 मिळून आघाडी 144 वर थांबली, बहुमताला एक कमी. त्या सभागृहात दौंडने पाठवलेले रमेश थोरात हे अपक्ष होते. 2014 साली भाजप 122 वर थांबला. तेव्हा दौंडचे आमदार राहुल कुल हे राष्ट्रीय समाज पक्षाचे, म्हणजे एका लहान पक्षाचे होते. ज्या सभागृहात एकेक आसन मोलाचे, तेथे दौंडने लागोपाठ दोनदा मोठ्या पक्षांच्या चौकटीबाहेरचा माणूस बसवला. 2019 मध्ये याच दोघांत लढत झाली. कुल भाजपचे व थोरात राष्ट्रवादीचे उमेदवार होते आणि निकाल लागला 746 मतांनी.

हा आकडा विचार करण्याजोगा आहे. दोन लाखांहून अधिक मते दोघांत जवळजवळ निम्मी विभागली गेली आणि तरी दौंडचा कौल अस्पष्ट आहे, असे कोणी म्हणाले नाही. एका मताने जिंकणाराही पूर्ण आमदार, हा ब्रिटनकडून आलेल्या मतदान पद्धतीचा नियमच आहे. असे 288 निःसंदिग्ध निकाल एकत्र केले, की त्यांतून मात्र 'अस्पष्ट' कौल निघतो! मतदार कोठेच गोंधळलेला नसतो. त्याने आपल्या मतदारसंघात एक निवड केलेली असते. तिची बेरीज राज्याच्या राजधानीत कशी करावयाची, हे त्याला कोणी विचारलेले नसते. त्याचा कौल त्या बेरजेच्या आधीच पूर्ण झालेला असतो. पुढचा प्रश्न उरतो तो एवढाच, की दुसरी बाजू शब्द पाळते की नाही.

1978 च्या घटना या दृष्टीने पाहाव्यात. आणीबाणीनंतरची ती विधानसभा. काँग्रेस नुकतीच फुटलेली. जनता पक्षाला 99, रेड्डी काँग्रेसला 69 आणि इंदिरा काँग्रेसला 62 जागा मिळाल्या. मतदारांपुढे ज्या दोन काँग्रेस एकमेकींविरुद्ध उभ्या होत्या, त्यांनी निकालानंतर एकत्र येऊन मार्चमध्ये वसंतदादा पाटील यांचे सरकार बनवले. नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. जुलैमध्ये शरद पवार काही आमदारांसह बाहेर पडले व 18 जुलैला जनता पक्षासह पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे पुलोदचे, मुख्यमंत्री झाले. पाच महिन्यांत दोनदा, ज्याच्याविरुद्ध मत मागितले त्याच्याच मांडीला मांडी लावून बसण्याचा प्रसंग आला. 'पाठीत खंजीर खुपसला' हा वाक्प्रचार तेव्हा या घटनेला जो चिकटला तो आजतागायत सुटलेला नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही नोंदवले पाहिजे : निवडणुकीतच परस्परांशी लढलेल्या दोन काँग्रेसचे ते एकत्र येणेच मुळात मताशी प्रतारणा होती. दोन्ही युक्तिवाद शब्द मोडण्याचेच आहेत, हे येथे महत्त्वाचे. 99, 69 आणि 62 या आकड्यांवर कोणाचा राग नव्हता. फेब्रुवारी 1980 मध्ये पुलोद सरकार केंद्राने बरखास्त केले आणि त्यानंतरच्या निवडणुकीत इंदिरा काँग्रेसला 186 जागा मिळाल्या. त्या विजयामागे देशव्यापी लाट होती; म्हणून त्यास केवळ 1978 चे प्रायश्चित्त म्हणता येणार नाही.

मराठी साहित्याने या काळाची नोंद कशी घेतली? अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' व 'सिंहासन' या कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेलांचा 'सिंहासन' 1979 मध्ये आला. सत्तेची सोंगटीबाजी इतक्या जवळून मराठीत क्वचितच दिसली असेल. सारा खेळ पाहिलेला पत्रकार दिगू टिपणीस शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो. ते हसणे आम्ही आजही विसरलेलो नाही. पण ते पत्रकाराचे, राजधानीतल्या साक्षीदाराचे हसणे आहे. ज्याच्या मतावर हा डाव मांडला गेला, तो खुटबावसारख्या गावातला मतदार त्या चौकटीबाहेरच राहतो. राजकीय लेखनाचा आपला वारसा बहुतांशी दरबारी आहे. बखरकारांचेही लक्ष गादीकडेच असे.

ब्रिटनमधील एक अलीकडचे उदाहरण आमच्या प्रतिपादनास पुष्टी देते. मे 2010 मध्ये तेथे पुन्हा लटकती संसद आली. पाच दिवसांच्या वाटाघाटींनंतर हुजूर पक्ष व 57 जागांचे लिबरल डेमोक्रॅट यांचे सरकार बनले. विद्यापीठांच्या शुल्कवाढीला विरोध करू, अशी लेखी प्रतिज्ञा लिबरल डेमोक्रॅट उमेदवारांनी केली होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांच्याच सहभागातील सरकारने शुल्काची मर्यादा वार्षिक 9000 पौंडांपर्यंत नेली. 2015 मध्ये हा पक्ष 57 वरून 8 वर आला. सहकारी हुजूर पक्षाला मात्र बहुमत मिळाले. आघाडी केल्याबद्दल शिक्षा झाली असती तर ती दोघांनाही व्हावयास हवी होती. कौलनाम्यातील दुसरी सही कोणी पुसली, हे मतदारांनी नेमके पाहिले.

मग महाराष्ट्रातील 2019 कडे वळावे. भाजप 105 व शिवसेना 56 यांनी युती म्हणून मते मागितली होती. बेरीज 161, म्हणजे सरळ बहुमत. निकाल 24 ऑक्टोबरचा. स्थिर होऊ शकलेले सरकार आले 28 नोव्हेंबरला. मधल्या 35 दिवसांत राष्ट्रपती राजवट झाली, 23 नोव्हेंबरचा 'पहाटेचा शपथविधी' झाला, तीन दिवसांत राजीनामा झाला. मुख्यमंत्रिपदाचा शब्द दिला होता की नव्हता, यावर युती मोडली. वाद पुन्हा शब्दाचाच. परंतु या वेळी तो दोन पक्षांनी एकमेकांना दिलेल्या शब्दाचा होता. मतदाराला दिलेल्या शब्दाची आठवण कोणी काढली नाही. त्याच दिवसांत अवकाळी पावसाने शेतातील पिके कुजत होती. मदत जाहीर झाली ती 16 नोव्हेंबरला, राज्यपालांकडून : खरीप पिकांना दोन हेक्टरांपर्यंत हेक्टरी 8000 रुपये. बीड जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने तर नोव्हेंबर उजाडण्याच्या सुमारासच राज्यपालांना पत्र लिहून, तिढा सुटेपर्यंत आपल्यालाच मुख्यमंत्री करावे, अशी मागणी केली होती. त्या पत्राला वृत्तपत्रांनी विनोद म्हणून जागा दिली. आम्हांला तो राजकीय वाङ्मयाचा अस्सल नमुना वाटतो. दिगू टिपणीसचे हसणे येथे चौकटीबाहेरच्या माणसाकडे आले आहे आणि त्याला अर्जाचे रूप मिळाले आहे.

राहिला घोडेबाजार. हे इंग्रजी प्रयोगाचे भाषांतर. भीमथडीची तट्टे एके काळी मराठी फौजांत नावाजलेली होती. त्या मुलखाला घोड्याची पारख शिकवायला नको. घोडा विकत घेणारा निदान त्याचे दात पाहून पैसे मोजतो आणि घोडा कोणाला शब्द देऊन आलेला नसतो. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने व 2003 च्या दुरुस्तीने या व्यवहाराला कुंपण घालण्याचा प्रयत्न केला. पण कायदा आमदाराला पक्षाशी बांधतो, मतदाराशी नाही. निवडणुकीनंतर अख्खा पक्षच आपला शब्द बदलून विरोधकांबरोबर गेला, तर कायद्याला त्यात काही वावगे दिसत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांनी यात पडावे का, असे कोणी विचारील. आम्हांला वाटते, पडावे. कारण दोष कोणाचा, हे येथे शब्दच आधी ठरवून ठेवतात. 'त्रिशंकू' म्हटले की मतदार अपराधी ठरतो, देवळातला 'कौल' म्हटला की तो मुका देव होतो आणि 'घोडेबाजार' म्हटले की तो कथेतून नाहीसाच होतो. देशावरच्या जुन्या कागदांतील कौलात मात्र त्याला जागा आहे, हक्क आहे आणि स्मरणशक्तीही आहे. एका पक्षाचे बहुमत पुन्हा येवो अथवा न येवो. विद्यार्थ्यांना राजकीय लेख वाचावयास देताना त्या कौलात दोन बाजू होत्या, एवढे सांगितले तरी पुढच्या निकालाचा मथळा ते निराळ्या नजरेने वाचतील.