चौदा पॉइंट सात

गेल्या विकांताला लिहायचं ठरवलेलं राहूनच गेलं, म्हणून हा लेख आठवडाभर उशिरा. विषय जरा तेलकट आहे, सांभाळून घ्या :)

दोन वर्षांपूर्वी कामानिमित्त काही महिने अमेरिकेत आयोवा राज्यातल्या दे मॉइनला होतो. आयोवा म्हणजे मका. गावाबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना मका, आणि तो संपला की पुन्हा मका. माझे शेजारी साठीच्या पुढचे, निवृत्त मेकॅनिक. त्यांच्याकडे 2004 सालचा शेव्हरोले सिल्व्हराडो पिकप होता, 5.3 लिटरचं व्ही-एट इंजिन. एका शनिवारी बघतो तर आजोबा ड्रायव्हरच्या सीटवर लॅपटॉप घेऊन बसलेले आणि स्टिअरिंगखाली वायर खोचलेली. आपण पडलो सॉफ्टवेअरवाले, लॅपटॉप दिसला की पाय आपोआप तिकडे वळतात.

स्क्रीनवर टेबलंच टेबलं. त्यांनी एका चौकटीवर बोट ठेवलं. तिथे 14.7 असा आकडा होता. तो खोडून त्यांनी 9.8 केला, आणि म्हणाले की आता ही गाडी ई85 वर चालेल. मग हसून म्हणाले, हे सोपं काम झालं, बाकीचे सहा शनिवार पुढेच आहेत.

14.7 म्हणजे काय, तर एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्यामुळे त्याला हवा कमी पुरते, नऊच्या आसपास. ई85 हे दोघांचं मिश्रण, म्हणून 9.8. म्हणजे तेवढ्याच हवेत वजनाने दीडपट इंधन सोडायला हवं. कारखान्यातून आलेले इंजेक्टर कमी पडतात, थंडीत गाडी चालू करताना जास्त इंधन लागतं, ठिणगीची वेळ बदलावी लागते. गंमत म्हणजे याच इंजिनाची फ्लेक्स-फ्युएल आवृत्ती त्याच काळात कंपनी विकत होती. मोठे इंजेक्टर आणि वेगळा प्रोग्राम, एवढाच काय तो मुख्य फरक. आजोबांनी नेमकी दुसरी घेतलेली!

माझ्या डोक्यात तेव्हापासून एकच किडा वळवळत होता. ज्या राज्यात दाराशी मका पिकतो, तिथल्या गाडीला मक्याचं इंधन चालावं म्हणून 2004 च्या गाडीचा मेंदू उघडावा का लागतो? इंजिनाला तर काही फरक पडत नाही. मग 14.7 ठरवलं कोणी?

परत आल्यावर वाचत गेलो, तर उत्तर गाडीच्या जन्माच्या बरंच आधी सापडलं. 1850 च्या दशकात अमेरिकेतल्या घरांमध्ये दिव्याला कॅम्फीन वापरत. अल्कोहोल आणि टर्पेंटाइनचं हे मिश्रण स्वस्त होतं, उजेड चांगला द्यायचं आणि अधूनमधून घरही पेटवायचं. मग यादवी युद्ध आलं. पैसा उभा करायला 1862 मध्ये दारूवर गॅलनला 20 सेंट कर बसला आणि युद्ध संपता संपता तो 2 डॉलरवर गेला. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर व्हिस्की होती, पण पिण्याचं अल्कोहोल आणि जाळण्याचं अल्कोहोल असा भेद त्यांनी केलाच नाही. दिव्याचं तेल एका फटक्यात परवडेनासं झालं. रॉकेलवरचा कर त्यामानाने किरकोळ. नुकत्याच जन्मलेल्या खनिज तेलाच्या धंद्याला ही बाजारपेठ जवळजवळ आंदण मिळाली. यात कुणाचा कट वगैरे होता असं मला वाटत नाही. एक इफ-कंडिशन लिहायची राहिली, बस्स. आपल्याकडे असला बग प्रॉडक्शनमध्ये दोन दिवस टिकतो, हा 44 वर्षं टिकला. 1906 मध्ये थिओडोर रूझवेल्टच्या सहीने औद्योगिक अल्कोहोलवरचा कर उठला. तोवर 1901 साली टेक्सासमध्ये स्पिंडलटॉपची विहीर उसळली होती आणि तेलाला तोटा राहिला नव्हता.

1908 मध्ये फोर्डची मॉडेल टी आली. ती इथेनॉलसाठीच बनवली होती असं हल्ली छातीठोकपणे सांगितलं जातं, ते मला अतिशयोक्त वाटतं. एवढं मात्र खरं की तिचं कॉम्प्रेशन कमी होतं, ठिणगी मागेपुढे करायची दांडी स्टिअरिंगपाशी होती आणि कार्ब्युरेटरचं मिश्रण गाडीत बसल्या बसल्या नॉब पिळून कमीजास्त करता यायचं. म्हणजे आजोबा लॅपटॉपवर जे करत होते, त्याचं ढोबळ रूप प्रत्येक ड्रायव्हरच्या हाताशी होतं. बुच्चूक-बुच्चूक आवाज आला की पिळा नॉब.

हा नॉब पुढे हातातून गेला. त्यातलं सगळ्यात चटका लावणारं वर्ष 1921. कॉम्प्रेशन वाढवलं की इंजिन ठोके द्यायचं, आणि तोवर ताकद वाढवण्याचा मार्ग बंद. जनरल मोटर्समध्ये चार्ल्स केटरिंगच्या हाताखाली थॉमस मिजली यावर उपाय शोधत होता. अल्कोहोल मिसळलं की ठोके थांबतात हे त्याला पक्कं माहीत होतं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तर 30 टक्के अल्कोहोलवर चालणारी जास्त कॉम्प्रेशनची गाडी घेऊन तो इंडियानापोलिसला अभियंत्यांच्या सभेला गेला होता. आणि दोनच महिन्यांत, 9 डिसेंबरला, त्याला टेट्राएथिल लेड सापडलं. शिसं. एका गॅलनला जेमतेम तीन मिलिलिटर पुरायचं. अल्कोहोल कुठलाही शेतकरी गाळू शकतो, त्यावर कुणाची मक्तेदारी चालणार? शिशाच्या मिश्रणावर पेटंट घेता येत होतं. व्यवस्थापनाने काय निवडलं असेल हे आपल्यापैकी ज्यांनी एकदा तरी रिलीज मीटिंग पाहिली आहे त्यांना सांगायला नको. वर त्या शिशाच्या पेट्रोलचं नाव ठेवलं ‘एथिल’. नावात शिसं कुठेच नाही!

1924 च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या स्टँडर्ड ऑइलच्या बेवे रिफायनरीत शिशाच्या विषाने भ्रमिष्ट होऊन पाच कामगार मेले, तीसहून जास्त इस्पितळात गेले. विक्री थांबली. मे 1925 मध्ये सर्जन जनरलने वॉशिंग्टनला परिषद भरवली, आणि पुढच्या वर्षी विक्री पुन्हा सुरू झाली. त्याच 1925 मध्ये फोर्डने कारखान्यातच मागे हौदा जोडलेली मॉडेल टी 281 डॉलरला बाजारात आणली, म्हणजे सिल्व्हराडोची पणजी. आणि त्याच वर्षी हेन्री फोर्ड एका वार्ताहराला सांगत होता की उद्याचं इंधन फळांतून, तणांतून, लाकडाच्या भुशातून येईल. पिकप आणि शिसं साधारण एकाच काळात रस्त्यावर रुजले, मक्याचं इंधन मात्र भाषणात राहिलं. तेव्हा दारूबंदी होती. औद्योगिक अल्कोहोल कायदेशीर होतं, पण विषारी करून आणि परवान्यांच्या जंजाळात. 1936 मध्ये कॅन्सासमधल्या अॅचिसनला ‘अॅग्रॉल’ नावाचं मिश्रण निघालं, तेही थोड्याच वर्षांत बंद पडलं. त्यानंतर इंजिनं एकाच इंधनासाठी घडत गेली.

पुढचं सगळ्यांना थोडंफार माहीत आहे. 1973 चा तेलधक्का, 1975 पासून ब्राझीलची उसाच्या अल्कोहोलची मोहीम, 1978 मध्ये अमेरिकेत 10 टक्के मिश्रणाला करसवलत. 1862 मध्ये करानेच मारलेलं इंधन करानेच जिवंत केलं. मात्र 1988 च्या कायद्याने खरी धमाल केली. ई85 चालेल अशी गाडी बनवली की कंपनीला मायलेजच्या नियमात सूट, मग मालक त्यात ई85 भरो वा न भरो. झालं, लाखो पिकप फ्लेक्स-फ्युएल म्हणून विकले गेले आणि बहुतेक आयुष्यभर साधं पेट्रोलच प्याले. कित्येक मालकांना आपली गाडी काय पिऊ शकते हेही माहीत नव्हतं. 2006 मध्ये जनरल मोटर्सने पेट्रोलच्या टाकीला पिवळी झाकणं लावली, तेव्हा काहींना कळलं. आज अमेरिकेतला साधारण 40 टक्के मका इथेनॉलकडे जातो. तो खायचा की जाळायचा हा वाद वेगळा, आणि माझं मत अजून पक्कं नाही.

आजोबांचं पुढे काय झालं? त्यांनी मोठे इंजेक्टर बसवले. दर शनिवारी एक फेरी, लॉग, पुन्हा टेबल. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त आणि ते आत थंडावाही देतं, त्यामुळे ठिणगी आधी देता येते. गाडी खरंच ताज्या दमाची वाटायची, मायलेज मात्र 25 ते 30 टक्क्यांनी पडलं. त्यांच्या खिशात कायम एक काचेची नळी असायची. पंपावरचं ‘ई85’ नावालाच. प्रमाणानुसार त्यात इथेनॉल 51 ते 83 टक्के काहीही असू शकतं, हिवाळ्यात कमी. नळीत थोडं इंधन, थोडं पाणी घालून हलवायचं. इथेनॉल पाण्यात उतरतं, खालचा थर किती फुगला यावरून टक्केवारी. हे न बघता ट्यून केलेल्या गाडीत साधं पेट्रोल भरलं, तर मिश्रण घट्ट आणि ठिणगी फार आधी, मग ठोके.

आणि एक गोष्ट त्यांनी आवाज खाली आणून सांगितली. प्रदूषण नियंत्रणाशी संबंधित प्रोग्रामला असा हात लावणं तिथल्या क्लीन एअर कायद्याप्रमाणे गुन्हा ठरू शकतो. त्यांच्या आजोबांनी मॉडेल टीचा नॉब पिळला तेव्हा कुणी परवाना मागितला नव्हता. कायदा चूक आहे असं मी म्हणणार नाही, ज्याने त्याने धूर सोडावा असंही नाही. पण ते सांगताना त्यांचा चेहरा जसा झाला, तो लक्षात राहिला.

हे सगळं आज लिहायला कारण आमचे बाबा. 2001 मध्ये आपल्याकडे पेट्रोलमध्ये 5 टक्के इथेनॉल घालायचे पहिले प्रयोग मिरज आणि मनमाडला झाले होते, आणि आम्ही सांगलीकर. तेव्हा कुणाला पत्ताही लागला नाही. आता पंपावर 20 टक्क्यांचं आलं आहे. परवा बाबांचा फोन, ‘अरे, आपल्या जुन्या गाडीला हे चालेल का? मिस्त्री म्हणतो जेट बदलू.’ त्यांची बाइक कार्ब्युरेटरची, तिच्यात आकडा बदलायला लॅपटॉप नाही आणि सेन्सरही नाही. 20 टक्क्यांना हवेचं प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं, म्हणजे ती थोडी उपाशी चालणार. मी म्हटलं, आधी रबरी नळ्या आणि सील बघून घ्या, जेटचं मी आल्यावर बघू.

‘तू काय बघणार?’ बाबा म्हणाले. ‘तू सॉफ्टवेअरवाला.’