पंचाचा शब्द

न्यायाधीशाचा निकाल चुकला असें पक्षकारास वाटलें, तर त्याला वरच्या कोर्टाची पायरी चढतां येते. फुटबॉलच्या मैदानावर ती सोय फारशी नाहीं. शिट्टी वाजली, हात वर झाला, कीं निकाल लागला. हजारों प्रेक्षकांस एक गोष्ट दिसली आणि पंचास दुसरी दिसली, तरी दप्तरीं नोंद होते ती पंचास दिसलेल्या गोष्टीची. एवढा अधिकार एका माणसाच्या हातीं कां दिला गेला, आणि त्या अधिकाराची मर्यादा कोणती, हा प्रश्न खेळाच्या इतिहासांतूनच उलगडून पाहण्यासारखा आहे.

मौजेची गोष्ट अशी कीं, आरंभीं या खेळाला पंचच नव्हता. २६ ऑक्टोबर १८६३ रोजीं लंडनमधील फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्यें कांहीं क्लबांचे प्रतिनिधि जमले व त्यांनीं फुटबॉल असोसिएशन स्थापन केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तेरा नियम सिद्ध झाले. प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारण्याची मुभा असावी कीं नसावी, यावर कडाक्याचा वाद होऊन ब्लॅकहीथ क्लब बाहेर पडला. परंतु नियम मोडला गेल्यास न्याय कोणीं करावा, याविषयीं त्या तेरा नियमांत एक अक्षरहि नाहीं. नियम करणारे बहुतेक सुखवस्तु घरांतले, मोठमोठ्या शाळांतून शिकलेले सद्गृहस्थ होते. सभ्य मनुष्य बुद्ध्या नियम मोडणार नाहीं, आणि चुकून मोडलाच तर दोन्ही पक्षांचे नायक आपसांत मिटवतील, असा त्यांचा भरंवसा होता.

हा भरंवसा फार दिवस टिकला नाहीं. चषकासाठीं सामने होऊं लागले, हारजितीस मोल आलें, आणि नायकांचे मतभेद मिटेनासे झाले. तेव्हां प्रत्येक पक्षानें आपापला एकेक पंच आणावा अशी चाल पडली. खेळाडूंनीं दाद मागावी आणि मगच पंचांनीं बोलावें, असा तो शिरस्ता होता. पण आपापल्या पक्षाचे पंच एकमतानें बोलणार कसे? म्हणून त्या दोघांचें जमलें नाहीं तर निवाडा करण्यासाठीं मैदानाबाहेर एक तिसरा मनुष्य ठेवण्यांत आला. तोच रेफरी. १८९१ सालीं त्याला रेषेबाहेरून उचलून मैदानाच्या आंत आणलें गेलें आणि जुने दोघे पंच रेषेवर जाऊन रेषापंच बनले. त्याच साली मुंबईस रोव्हर्स कपाचे सामने सुरू झाले. म्हणजे मुंबईंत ही स्पर्धा मूळ धरूं लागली, त्याच सुमारास शिट्टीवाला मुख्य पंचहि मैदानांत उतरला.

१८९१ सालींच आणखी एक मोठा बदल झाला. आयर्लंडमधील मिल्फर्ड गांवच्या संघांतील गोलरक्षक विल्यम मॅकक्रम यानें अशी सूचना पुढें आणली कीं, गोलाजवळ कोणी जाणूनबुजून आगळीक केली तर समोर केवळ गोलरक्षक उभा असतां चेंडू मारण्याची संधि दुसऱ्या पक्षास द्यावी. हीच पेनल्टी किक. पुष्कळांस ती सभ्यतेचा अपमान वाटली. सद्गृहस्थ मुद्दाम लबाडी करतात असें कायद्यानेंच गृहीत धरावें, हें त्यांना रुचेना. परंतु त्या वर्षीच्या फेब्रुवारींत नॉट्स काउंटी व स्टोक यांच्या चषक-सामन्यांत रेषेवरचा चेंडू एका बचावपटूनें सरळ हातानें अडविला. स्टोकला मिळाली ती साधी फ्री किक, आणि चेंडूपुढेंच ठाण मांडून गोलरक्षकानें ती निष्फळ केली. स्टोक एका गोलानें हरला. नियम पाळूनहि अन्याय कसा होतो हें डोळ्यांसमोर दिसल्यावर विरोध ओसरला, आणि २ जून १८९१ रोजीं पेनल्टी किक नियमांत आली.

येथून पंचाच्या अधिकाराचे दोन भाग स्पष्ट होत गेले. काय घडलें हें ठरविणें हा एक भाग, आणि घडलेल्या गोष्टीस कोणता नियम लागतो हें ठरविणें हा दुसरा. नियमावली सांगते कीं, खेळांतील घटनांविषयीं पंचाचा निर्णय अखेरचा. गोल झाला कीं नाहीं, हीहि घटनाच.

या अखेरच्या शब्दाची कसोटी ३० जुलै १९६६ रोजीं लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर लागली. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत इंग्लंड व पश्चिम जर्मनी यांची दोन दोन अशी बरोबरी होती आणि जादा वेळ चालू होता. त्यांतल्या अकराव्या मिनिटास जेफ हर्स्टनें मारलेला चेंडू आडव्या दांड्यावर आदळून खालीं रेषेपाशीं उसळला, आणि जर्मनीच्या वेबरनें तो डोक्यानें बाहेर लोटला. नियम असा कीं, संपूर्ण चेंडू संपूर्ण रेषेपलीकडे गेला पाहिजे. चेंडूचा व्यास सुमारें २२ सेंटिमीटर. त्याचा केसभर भाग रेषेच्या वर राहिला तरी गोल नाहीं. स्विस पंच गॉटफ्रीट डीन्स्ट यांना खात्री नव्हती. ते रेषापंच तोफिक बहरामोव्ह यांच्याकडे गेले. बहरामोव्ह सोव्हिएट संघांतील अझरबैजानचे. दोघांना समान अशी भाषा नव्हती. बहरामोव्ह यांनीं मान डोलाविली आणि गोल ठरला. शेवटच्या क्षणीं आणखी एक गोल होऊन इंग्लंडनें सामना चार विरुद्ध दोन असा जिंकला. पुढें ऑक्सफर्डच्या संशोधकांनीं जुन्या चित्रफितींवरून मोजमाप करून चेंडू पूर्णपणें पलीकडे गेला नव्हता असा निष्कर्ष काढला. पण चषक इंग्लंडकडेच राहिला. घटनेबाबत झालेली चूक फिरवीत नाहींत.

नियम लावण्यांत चूक झाली तर मात्र गोष्ट वेगळी. ३ सप्टेंबर २००५ रोजीं ताश्कंद येथें उझबेकिस्तान व बहरीन यांच्यांत विश्वचषकाच्या पात्रतेचा सामना झाला. उझबेकिस्तान एका गोलानें पुढें असतां त्याला पेनल्टी किक मिळाली आणि चेंडू गोलांत गेला. तथापि किक मारण्यापूर्वींच एक उझबेक खेळाडू मनाई असलेल्या क्षेत्रांत शिरला होता. अशा वेळीं किक पुन्हा मारावयाची, असें तेव्हांचा नियम सांगत होता. जपानी पंचानें गोल रद्द केला, पण किक पुन्हा न देतां बहरीनला फ्री किक दिली. उझबेकिस्ताननें तो सामना एका गोलानें जिंकलाच होता. तरीहि त्यानें तक्रार केली आणि तीन विरुद्ध शून्य असा विजय मागितला. फिफानें पंचाची चूक मान्य केली, पण निवाडा दिला तो सामना पुन्हा खेळण्याचा. ८ ऑक्टोबरच्या नव्या सामन्यांत एकेक गोलाची बरोबरी झाली. मनामा येथील परतीच्या सामन्यांत गोलच झाला नाहीं. परमैदानावर केलेल्या गोलाच्या बळावर बहरीन पुढें गेलें. उझबेकिस्तानला न्याय मिळाला आणि हातांतला विजय गेला.

पुढें यंत्रें मदतीस आलीं. २७ जून २०१० रोजीं दक्षिण आफ्रिकेंतील ब्लोम्फाँटेन येथें जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू दांड्यास लागून रेषेच्या चांगलाच आंत पडला, आणि पंचांनीं तो गोल दिला नाहीं. वेम्ब्लीचें माप उलटून पदरांत पडलें, असें पुष्कळांस वाटलें. दोन वर्षांनीं, जुलै २०१२ मध्यें, चेंडू रेषेपार गेला कीं नाहीं हें सांगणाऱ्या यंत्रास नियमकर्त्यांनीं मान्यता दिली, आणि २०१८ च्या विश्वचषकांत चित्रफीत पाहणारा साहाय्यक पंचहि आला.

तरी वाद संपले नाहींत. चेंडू रेषेपार गेला का, हें यंत्र सांगूं शकतें. चेंडू हातास लागला कीं हातानें चेंडूस गांठलें, धक्का निष्काळजीपणाचा कीं सहज लागलेला, हें माणसानेंच ठरवावें लागतें. आणि पडद्यावर पाहूनहि अखेरचा शब्द मुख्य पंचाचाच राहतो. १८६३ च्या सद्गृहस्थांनीं पंच नेमला नाहीं, कारण त्यांचा एकमेकांवर विश्वास होता. पुढच्या पिढ्यांनीं तो नेमला, कारण भांडणास कोठें तरी शेवट हवा होता. बाकू शहरांतील मोठ्या क्रीडांगणास आज बहरामोव्ह यांचें नांव आहे आणि तेथें त्यांचा पुतळाहि उभा आहे. ज्या निर्णयामुळें जग त्यांना ओळखतें, तो बरोबर होता असें जर्मनींत क्वचितच कोणी म्हणेल. पण त्या दिवशीं मान डोलल्यावर जर्मन खेळाडूंनीं हुज्जत घातली, आणि मग मध्यरेषेवर जाऊन ते पुन्हा खेळूं लागले. खेळ टिकून राहिला आहे तो या परत जाण्यावर.