समुद्रातले देऊळ

हिंदुस्थानाबाहेर दिवाळीला सरकारी सुट्टी देणारे देश मोजकेच. त्यांपैकी एक अगदी पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळ आहे : त्रिनिदाद. तेथे ही सुट्टी १९६६ पासून आहे. तिच्यामागे मात्र शंभराहून अधिक वर्षांचे कष्ट आहेत.

१८३८ साली गुलामगिरीतून पुरते सुटलेले आफ्रिकी मजूर उसाच्या मळ्यांकडे पाठ फिरवू लागले, तशी मळेवाल्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. ३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशे माणसे घेऊन तेथे पोचले. १९१७ पर्यंत अशी सुमारे १ लाख ४४ हजार माणसे गेली. बहुतेक बिहार व संयुक्त प्रांतातली, पाच वर्षांच्या करारावर. राहायला बराकीतली एकेक कोंदट खोली. मधली भिंत छपरापर्यंतही नाही. परवाना घेतल्याखेरीज मळा सोडण्याची सोय नव्हती. जातपात बरीचशी बोटीवरच विरली आणि 'जहाजी भाई' हे नवे नाते जन्माला आले. सख्ख्या भावाइतकेच ते मानत!

देव मात्र त्यांनी सोडले नाहीत. अंगणात वेळूच्या काठीवर रंगीत निशाणे, घरात रामचरितमानस. दालपुरी म्हणजे तर आपल्या पुरणपोळीची तिखटमिठाची बहीणच म्हणा ना! भोजपुरी बोली ओसरली, तरी 'आजा', 'आजी' हे शब्द घरोघर टिकले. पण कायद्याच्या लेखी या संसारांना किंमत नव्हती. सप्तपदी घालून केलेले लग्न सरकार मानीत नसे. मुले कागदोपत्री अनौरस ठरत, वारसाचे घोडे अडे. हिंदू विवाहाला मान्यता देणारा कायदा व्हायला १९४५ साल उजाडले. हा अन्याय मला चाबकापेक्षाही क्रूर वाटतो.

शिवदास साधू हा असाच लहानपणी हिंदुस्थानातून आलेला ऊसतोड्या. १९४७ साली त्याने वॉटरलू गावी किनाऱ्यावर देऊळ बांधले. जागा साखर कंपनीची. पाडायचा हुकूम झाला, त्याने मानला नाही. १९५२ साली देऊळ जमीनदोस्त झाले आणि साधूला तुरुंग पाहावा लागला. जमीन तुमची, मग समुद्र कोणाचा? बाहेर येऊन त्याने ओहोटीच्या वेळी चिखलात दगड टाकायला प्रारंभ केला. एक जुनी सायकल, तिला अडकवलेल्या बादल्या, आणि एकटा माणूस. लोक हसले. वर्षानुवर्षे भराव घालून त्याने शेकडो फूट आत देऊळ उभे केले. १९७० साली तो वारला.

पुढे लाटांनी बांधकाम खचले. १९९५ साली, पहिल्या जहाजाला दीडशे वर्षे झाली तेव्हा, ते नव्याने बांधण्यात आले. २००३ साली सरकारी साखर कंपनीनेच गाशा गुंडाळला. दिवाळीला त्रिनिदादचे लोक वेळू चिरून त्याच्या कमानी वाकवतात व त्यांवर मातीचे 'दिया' मांडतात. देवळापाशीच किनाऱ्यावर स्मशान आहे. ऊस तोडणाऱ्यांच्या नातवंडा-पणतवंडांना तेथेच अग्नी देतात आणि राख त्याच पाण्यात सोडतात.