वादळाची वर्दी

परकीय मदत म्हटली कीं धान्यानें भरलेलें जहाज, नाहीं तर कोट्यवधींचा आंकडा डोळ्यांपुढें येतो. बांगलादेशच्या किनाऱ्यावर मात्र या मदतीचें सर्वांत मोलाचें रूप म्हणजे हातानें फिरवावयाचा एक भोंगा होय.

१९७० सालच्या १२ नोव्हेंबरच्या रात्रीं तेव्हांच्या पूर्व पाकिस्तानांत समुद्र चढून आला आणि ३ ते ५ लाख माणसें गेलीं. वादळ येत आहे हें हवामानखात्याला ठाऊक नव्हतें असें नाहीं. ठाऊक नव्हतें तें नदीमुखाच्या बेटांवरील कोळ्यांना व शेतकऱ्यांना. पुढें १९७२ मध्यें रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या साहाय्यानें पूर्वसूचनेची योजना उभी राहिली. पैसा परका, पण माणसें गांवचींच: बिनपगारी स्वयंसेवक, आणि त्यांच्यापाशीं ट्रान्झिस्टर, कर्णा, भोंगा व निशाणें. दुसऱ्याच वर्षीं देशाच्या सरकारनें या कामाचा भार आपल्याही खांद्यावर घेतला. योजना टिकली ती यामुळें, असें मला वाटतें.

नुसत्या वर्दीनें मात्र भागलें नाहीं. १९९१ च्या एप्रिलांत इशारा दिला गेला असतांही सुमारें १,३८,००० लोक दगावले. कारण पळून जावयाचें तरी कोठें? त्यानंतर जपान, सौदी अरेबिया आदि देशांच्या मदतीनें खांबांवरील पक्के निवारे पुष्कळ वाढले. एरवीं त्यांपैकीं कित्येकांत शाळा भरते. २००७ च्या ‘सिडर’ वादळांत मृत्यु सुमारें ३,४०० झाले. २०२० मध्यें ‘अंफान’ येण्यापूर्वीं २० लाखांहून अधिक लोक हलविले गेले आणि तेथील बळींची संख्या शंभराच्या पुष्कळ आंत राहिली.

पण आतां हवाच तापत आहे, समुद्र वर सरकत आहे. २००९ सालीं कोपनहेगन येथें श्रीमंत राष्ट्रांनीं २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचें वचन दिलें. त्यांच्याच हिशेबाप्रमाणें तें पुरें झालें २०२२ मध्यें, आणि त्यांतील सरकारी पैशाचा मोठा वाटा कर्जाऊ होता. धूर एकानें करावा आणि व्याज दुसऱ्यानें भरावें, ही नोंद कोणत्या वहींतली?

त्याच २००९ च्या मे महिन्यांत ‘आयला’ वादळानें खुलना व सातखीरा जिल्ह्यांतील मातीचे बांध फोडले. १९६० नंतर असे बांध परकीय मदतीनेंच घातले गेले होते. माणसें बहुतेक वांचलीं; परंतु कांहीं गांवांत भरतीचें खारें पाणी जवळजवळ दोन वर्षें शेतांतून ये-जा करीत राहिलें, आणि वांचलेलीं कुटुंबें उरलेल्या बांधावरच झोंपड्या घालून राहिलीं.