सुटी पाने आणि हरवलेले अंक

जुनी नियतकालिके जमवणाऱ्याने एकदा तरी स्वतःला विचारावे, आपण जमवतो ते काय? अंक, की त्यातली चित्रे? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये निघालेल्या सचित्र कलामासिकांच्या बाबतीत तर या प्रश्नाच्या उत्तरावर थोडाफार इतिहासच अवलंबून आहे.

त्या काळी शिळाछापाचे, म्हणजे लिथोग्राफीचे, रंगीत काम पॅरिसमध्ये बहरले होते. सीगफ्रीड बिंग या व्यापाऱ्याने मे १८८८ ते एप्रिल १८९१ या काळात 'ल जापों आर्तिस्तिक'चे ३६ अंक काढले. फ्रेंच, इंग्रजी आणि जर्मन अशा तीन भाषांतून जपानी कला युरोपच्या घराघरांत गेली. आंद्रे मार्तीच्या 'लेस्तांप ओरिजिनाल'च्या (१८९३-९५) तर अवघ्या शंभर प्रती! त्यात ७४ कलावंतांची ९५ मूळ मुद्राचित्रे होती. पहिले मुखपृष्ठ तुलूझ-लोत्रेकचे. छापखान्यात यंत्रावर वाकलेला कारागीर आणि ताजा छाप न्याहाळणारी नर्तकी जेन आव्रिल.

सर्वांत बोलके उदाहरण 'ले मेत्र द लाफिश'चे. रस्त्यावरची मोठाली भित्तिपत्रके लहान आकारात छापून १८९५ ते १९०० अशी पाच वर्षे वर्गणीदारांना दरमहा चार चित्रे मिळत. जादा १६ धरून एकूण २५६. मालिकेची कलाबाजू झ्यूल शेरेकडे होती, त्यामुळे चारांतले एक चित्र बहुधा त्याचेच असे.

पुढे काय झाले? अखंड संचाला गिऱ्हाईक कमी, पण लोत्रेक किंवा मुखाचे एक पान चौकटीत घालून भिंतीवर लावायला गिऱ्हाईक हजर. मग विक्रेत्यांनी संच फोडले. बांधणी करताना अनेकांनी वेष्टने आणि जाहिरातीही काढून टाकल्या. चित्र वाचले, अंक मात्र गेला.

यात तोटा कोणाचा? माझ्या मते, विस्मरणात गेलेल्या कलावंतांचा. अंकात लोत्रेकच्या मागेपुढे कोणी अल्पख्यात चित्रकार मानाने बसलेला असतो. वर्गणीदाराने दोघांना एकत्रच पाहिले होते. संच फुटला की नामवंत भिंतीवर जातात आणि बाकीचे खोक्याच्या तळाशी राहतात. पुढच्या पिढीला वाटते, त्या काळी दहाच माणसे चित्रे काढत होती!

म्हणूनच डाग पडलेला, कडा फाटलेला, पण वेष्टनासकट पूर्ण असलेला अंक मला सुंदर सुट्या पानापेक्षा मोलाचा वाटतो. सुटे पान आपल्याला काय आवडते ते सांगते. त्या लोकांपुढे काय काय होते, हे मात्र पूर्ण अंकच सांगू शकतो.